होलेंटालचा चढ आणि पन्नास हर्ट्झची तार

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, श्वार्त्सवाल्डच्या डोंगरांत, हिमेलराइश नावाचं एक छोटं स्टेशन आहे. नावाचा अर्थ स्वर्गाचं राज्य. फ्रायबुर्गहून निघालेली गाडी इथवर सपाट, हिरव्या खोऱ्यातून येते. स्टेशन सुटलं की दोन्ही बाजूंचे कडे जवळ येऊ लागतात, ऊन कमी होतं आणि गाडी होलेंटालमध्ये शिरते. होलेंटाल म्हणजे नरकाची दरी. हिर्शस्प्रुंगपाशी दरी इतकी चिंचोळी होते की शिकाऱ्यापासून पळणाऱ्या एका हरणाने ती एका उडीत ओलांडली, अशी तिथली दंतकथा आहे. त्या कड्यावर आजही हरणाचा पुतळा उभा आहे.

हिमेलराइश समुद्रसपाटीपासून सुमारे ४५५ मीटरवर आणि वरचं हिंटरत्सार्टेन सुमारे ८८५ मीटरवर. मधलं अंतर साधारण बारा किलोमीटर. त्यातला सर्वांत तीव्र भाग हिर्शस्प्रुंग ते हिंटरत्सार्टेन हा सात किलोमीटरचा आहे. तिथे चढ साधारण १ : १८, म्हणजे हजार मीटर पुढे गेलं की ५५ मीटर वर. आपल्या बोरघाटाचा चढ १ : ३७. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं लागतात तो घाट ज्याने पाहिला आहे, त्याला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही. होलेंटालचा चढ त्याच्या दुप्पट आहे.

फ्रायबुर्ग ते डोनाउएशिंगेन हा सुमारे ७५ किलोमीटरचा मार्ग नकाशावर एक प्रादेशिक फाटाच आहे. मोठी शहरं जोडणारी मुख्य लाइन ऱ्हाइनच्या काठाने उत्तर-दक्षिण जाते, तिचा याच्याशी फारसा संबंध नाही. तरीही जगभरच्या रेल्वेच्या विजेच्या इतिहासात या मार्गाचं नाव येतं, आणि ते त्याच्या चढामुळेच येतं. १९३६ मध्ये इथे घरगुती ५० हर्ट्झची वीज सरळ रेल्वेच्या तारेत सोडण्याचा एक प्रयोग सुरू झाला. तो तांत्रिकदृष्ट्या यशस्वी ठरला, त्याचा लाभ दुसऱ्या देशांना झाला आणि खुद्द त्या मार्गावरून चोवीस वर्षांनी तो काढून टाकण्यात आला. हे तिन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते असं माझं मत आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे.

दातेरी रुळांपासून सुटका

मार्गाची आखणी अभियंते रॉबर्ट गेर्विग यांची. श्वार्त्सवाल्डमधली ऑफेनबुर्ग ते झिंगेन ही दुसरी प्रसिद्ध लाइनही त्यांचीच. तिथे त्यांनी डोंगराला मोठे वळसे घेऊन चढ सौम्य केला होता. होलेंटालमध्ये वळसे घ्यायला जागाच नव्हती आणि पैसाही बेताचा होता. म्हणून तीव्र भागात दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवण्यात आली आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकवून गाडी वर नेण्याचं ठरलं. मे १८८७ मध्ये फ्रायबुर्ग ते नॉयश्टाट गाडी सुरू झाली. गेर्विग यांनी ती पाहिली नाही, १८८५ च्या डिसेंबरातच ते वारले होते. नॉयश्टाट ते डोनाउएशिंगेन हा पुढचा भाग १९०१ मध्ये जोडला गेला.

दातेरी पद्धत सुरक्षित होती, पण संथ. खाली खास इंजिन जोडायचं, वर सोडायचं, मधल्या काळात गाडी मुंगीच्या पावलाने चालायची. डोंगरात फिरायला आणि हिवाळ्यात स्कीइंगला येणाऱ्यांची गर्दी वाढत गेली, १९२६ मध्ये टिटिझेहून झेब्रुगपर्यंत तीन तळ्यांच्या काठाने जाणारा एकोणीस किलोमीटरचा नवा फाटा जोडला गेला, तेव्हा खालची ही अडचण सगळ्यांनाच जाचू लागली. त्या फाट्यावरचं फेल्डबेर्ग-बेरेंटाल हे स्टेशन ९६७ मीटरवर आहे. जर्मन रेल्वेचं प्रमाण रुंदीच्या (स्टँडर्ड गेज) रुळांवरचं याहून उंच स्टेशन नाही.

उपाय दोन टप्प्यांत झाला. आधी रावेना ओढ्यावरचा जुना, लोखंडी गर्डरांचा पूल जाऊन १९२७ मध्ये नऊ कमानींचा दगडी पूल उभा राहिला. हा पूल स्वतःच चढावर आहे, त्याचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा बारा मीटर उंच आहे. मग हेन्शेल कारखान्याने या मार्गासाठी पाच जोडचाकांची, तीन सिलिंडरची, जडशीळ अशी दहा वाफेची इंजिनं बांधली. मालिका क्रमांक ८५. त्यांनी निव्वळ चाकांच्या पकडीवर हा चढ चढून दाखवला आणि १९३३ मध्ये दातेरी पट्टी निवृत्त झाली.

म्हणजे प्रश्न सुटला होता का? अर्धा. गाड्या वेगाने चढू लागल्या, पण जड गाडीला मागून दुसरं इंजिन लागायचंच. कोळसा बेसुमार जळायचा आणि बोगद्यांत धूर साचायचा. उताराचा प्रश्न तर तसाच होता. हजार मीटरला ५५ मीटरच्या उतारावर गाडी आवरण्याचं काम ब्रेकच्या ठोकळ्यांवर पडायचं, आणि घाटात ठोकळे तापणं म्हणजे काय हे घाटातल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारावं. वीज हवी होती. पण कुठली वीज?

एक तृतीयांशाचं गणित

इथे थोडं मागे जावं लागेल. १९१२ मध्ये प्रशिया, बव्हेरिया आणि बाडेन या जर्मन राज्यांच्या रेल्वेंनी आपसांत करार केला की विद्युत रेल्वे एकाच पद्धतीची असेल: १५ हजार व्होल्ट, १६⅔ हर्ट्झ. एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज सेकंदाला किती आवर्तनं करते, ती तिची वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. घराघरांत येणारी वीज ५० हर्ट्झची, रेल्वेची बरोबर तिच्या एक तृतीयांश. हा विचित्र आकडा लहरीपणाने आलेला नाही. त्या काळी इंजिनात वापरायची मोटर कम्युटेटरची होती. फिरणाऱ्या भागावर तांब्याच्या पट्ट्या आणि त्यांवर घासणारे कार्बनचे ब्रश. अशा मोटरला एसी वीज दिली की ब्रशखाली क्षणभर शॉर्ट होणाऱ्या वेटोळ्यात एक नको असलेला विजेचा दाब (व्होल्टेज) निर्माण होतो आणि ठिणग्या उडतात. हा दाब वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो. ५० हर्ट्झवर तो १६⅔ हर्ट्झच्या तिप्पट होतो. म्हणून वारंवारताच कमी करा, असा तो तोडगा.

तोडगा चांगला होता, पण त्याची किंमत मोठी होती. रेल्वेला स्वतःची वीजकेंद्रं हवीत, स्वतःच्या उच्चदाब वाहिन्या हव्यात, नाहीतर घरगुती वीज घेऊन ती फिरत्या यंत्रांनी बदलायला हवी. शेजारून सार्वजनिक विजेची वाहिनी जात असली तरी रेल्वे तिला हात लावू शकत नव्हती. १९३० च्या दशकात प्रत्येक प्रांतात ५० हर्ट्झचं जाळं पसरत होतं, तेव्हा हा वेगळा संसार महाग वाटू लागला.

दुसरा रस्ता होता डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा. फ्रान्सने तो घेतला होता आणि मुंबईनेही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेवरची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर धावली, आणि त्या दशकाच्या अखेरीस हीच वीज बोरघाट आणि थळघाटात पोचली. डीसीच्या मोटरला ठिणग्यांचा तो आजार नाही. पण दाब कमी असला की प्रवाह प्रचंड लागतो. ३००० किलोवॅट ओढणाऱ्या इंजिनाला १५०० व्होल्टवर २००० अँपिअर लागतात. तेच २०,००० व्होल्टवर १५० अँपिअरमध्ये भागतं. दोन हजार अँपिअर वाहायचे तर जाड तांबं आणि थोड्याथोड्या अंतरावर सबस्टेशन आलंच.

मग घरगुती ५० हर्ट्झची वीज सरळ तारेत सोडून पाहायला काय हरकत आहे? हा प्रश्न होलेंटालच्या आधीही विचारला गेला होता. हंगेरीत अभियंते कांडो काल्मान यांनी बुडापेस्ट ते हेग्येशहालोम मार्गासाठी १६ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झची पद्धत उभी केली होती आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती चालू होती. त्यामुळे पहिलेपणाचा मान कांडोंचा, तो त्यांच्याकडेच राहावा. जर्मनांनी केलं ते वेगळं होतं. त्यांनी एकच उत्तर निवडलं नाही.

चार कारखाने, चार उत्तरं

जागा म्हणून होलेंटाल का निवडलं, यामागचं तारतम्य मला फार पटतं. १६⅔ हर्ट्झची मुख्य जाळी तेव्हा फ्रायबुर्गपर्यंत आलेलीच नव्हती, त्यामुळे दोन पद्धतींची गाठ पडण्याची भीती नव्हती. वर श्लुखझे तळ्यावर नुकतंच मोठं धरण आणि जलविद्युत प्रकल्प उभा राहिला होता, म्हणजे ५० हर्ट्झची वीज दाराशी होती. आणि चढ असा की कुठलंही दुबळं यंत्र पहिल्याच आठवड्यात उघडं पडावं.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. सपाट मार्गावर मोटरला जास्तीत जास्त प्रवाह फक्त सुटताना, मिनिट-दोन मिनिटं लागतो. एकदा वेग आला की तिच्यावरचा ताण उतरतो. होलेंटालमध्ये मोटर कमी वेगात आणि पूर्ण ताकदीवर सलग चालत राहते. मध्येच सिग्नल लागला तर त्या चढावर थांबून पुन्हा सुटावं लागतं. ब्रशखालच्या ठिणग्यांसाठी याहून क्रूर परीक्षा नाही, कारण वेग कमी असताना त्या नको असलेल्या दाबाला तोडणारं मोटरमध्ये काही नसतं.

जून १९३६ मध्ये फ्रायबुर्ग ते नॉयश्टाट आणि टिटिझे ते झेब्रुग या मार्गांवर २० हजार व्होल्ट, ५० हर्ट्झची तार चालू झाली. सार्वजनिक जाळ्यातून वीज घेणारं सबस्टेशन टिटिझेला होतं. चार इंजिनं आली, मालिका ई २४४, आणि चौघांच्या पोटात चार निराळ्या कल्पना होत्या.

एईजीच्या ई २४४ ०१ मध्ये पाऱ्याचा रेक्टिफायर होता. पोलादी भांड्यात पारा, त्यावर पेटलेला विद्युत ज्वालास्तंभ, आणि एकाच दिशेने वाहू दिलेला प्रवाह. एसी आत जाते, डीसी बाहेर येते आणि साधी, भरवशाची डीसी मोटर चालते. भांड्यातल्या जाळ्यांवर नियंत्रण ठेवून दाब कमीजास्त करता येई. ब्राउन बोव्हेरीच्या ई २४४ ११ मध्येही पाराच होता, मात्र रचना वेगळी. सीमेन्सने ई २४४ २१ मध्ये सरळ शत्रूलाच भिडायचं ठरवलं: ५० हर्ट्झची वीज थेट कम्युटेटर मोटरला द्यायची आणि ठिणग्यांचा बंदोबस्त मोटरच्या बांधणीतून करायचा. क्रुपचं ई २४४ ३१ कांडोंच्या वळणाचं होतं. इंजिनातच फिरतं यंत्र बसवून एका फेजच्या, म्हणजे एकाच एसी लहरीच्या, तीन फेज करायच्या आणि कम्युटेटर नसलेल्या इंडक्शन मोटरी चालवायच्या.

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते ती ही मांडणी. एकच मार्ग, एकच तार, एकच चढ, तीच बर्फाळ थंडी, आणि त्यावर चार स्वतंत्र विचार रोजच्या प्रवासी गाड्या ओढताहेत. कागदावर चारही पटण्यासारखे होते. हलत्या, डुलत्या, चढावर कललेल्या इंजिनात पाऱ्याचं भांडं टिकेल का, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळण्यासारखं नव्हतं. ते रावेनाच्या पुलावरच मिळणार होतं.

शंका फक्त इंजिनांबद्दल नव्हत्या. वीजमंडळांचा मोठा आक्षेप असा की सार्वजनिक जाळं तीन फेजचं आणि रेल्वे ओढणार एकाच फेजवर, त्याने जाळ्याचा तोल जाईल. टेलिफोनच्या तारांत खरखर होईल ही आणखी एक भीती. हेही सगळं टिटिझेच्या सबस्टेशनात वर्षानुवर्षं मोजता आलं.

निकाल काय लागला? चारही पद्धतींनी गाड्या ओढल्या, म्हणजे ५० हर्ट्झवर घाट चढता येतो हे सिद्ध झालं. पण पाऱ्याच्या रेक्टिफायरने जे दाखवलं ते पुढच्या जगासाठी निर्णायक होतं. तारेतून उच्च दाबाची घरगुती वीज घ्या आणि तिची डीसी इंजिनाच्या आत करा, म्हणजे दोन्ही पद्धतींचं चांगलं ते मिळतं. पुढे सिलिकॉनच्या डायोडने पाऱ्याची जागा घेतली, तत्त्व तेच राहिलं.

दुसऱ्याने वाचलेली वही

मग युद्ध आलं. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने रावेनाचा पूल उडवला. जर्मनीच्या वाटण्या झाल्या तेव्हा हा प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यात आला.

फ्रेंच रेल्वेचे अभियंते तिथे पोचले ते स्वतःच्या एका गंभीर प्रश्नासह. त्यांचं १५०० व्होल्ट डीसीचं जाळं वाढवायचं होतं आणि युद्धाने कंगाल झालेल्या देशाला एवढं तांबं परवडत नव्हतं. होलेंटालमध्ये त्यांना चालता-बोलता पर्याय सापडला. त्यांनी पूल पुन्हा उभा करवला, इंजिनं अभ्यासली, चाचण्या घेतल्या. फ्रेंच रेल्वेतले वरिष्ठ अभियंते लुई आर्मां यांनी हा विषय उचलून धरला आणि फ्रान्समध्ये, तोही अल्पाइन सव्हॉयच्या डोंगराळ प्रादेशिक मार्गावर, एक्स-ले-बाँ ते ला रोश-सुर-फोराँ, ५० हर्ट्झची तार टाकली. १९५१ मध्ये आनसीला परिषद भरवून त्यांनी निष्कर्ष जगासमोर मांडले. त्यानंतर ईशान्य फ्रान्समधल्या कोळसा-पोलादाच्या जड मालगाड्यांच्या व्हालाँसियेन ते तियाँव्हिल मार्गावर २५ हजार व्होल्टची पद्धत आली, आणि तिने उरलेल्या शंका मिटवल्या.

इथून पुढचा धागा आपल्यापर्यंत येतो. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने नव्या विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झ हे प्रमाण स्वीकारलं. १९५९ मध्ये वॅम-१ ही पहिली इंजिनं युरोपातल्या कंपन्यांच्या एका गटाकडून आली. त्या गटात एईजी होती, सीमेन्सही होती, आणि इंजिनांच्या पोटात इग्निट्रॉन नावाचे रेक्टिफायर होते. इग्निट्रॉनमध्येही पाराच असतो. होलेंटालच्या ई २४४ ०१ चं नातं या इंजिनांशी असं सरळ लावता येतं.

१९६०: तार तीच, वीज दुसरी

जर्मनीने मात्र ५० हर्ट्झ स्वीकारलं नाही. याला करंटेपणा म्हणणारे भेटतात. मला ते अन्यायाचं वाटतं. बव्हेरियापासून हजारो किलोमीटर तारा, वीजकेंद्रं, वाहिन्या आणि इंजिनं १६⅔ हर्ट्झची उभी होती. शेजारी ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडही त्याच पद्धतीवर. फ्रान्सला आणि भारताला पुढचं बरंचसं काम कोऱ्या पाटीवर करायचं होतं, जर्मनीची पाटी भरलेली होती.

१९५५ मध्ये बाझलकडून मुख्य लाइनची १६⅔ हर्ट्झची तार फ्रायबुर्गला येऊन पोचली. १९३६ मध्ये जी गाठ टाळता आली होती, ती आता पडली. होलेंटाल हे बेट झालं. त्याची मूठभर इंजिनं दुसरीकडे कुठे चालत नाहीत, दुसरीकडची इथे चालत नाहीत, एक बिघडलं तर बदली मिळत नाही, आणि मुख्य लाइनवरची गाडी सरळ डोंगरात नेता येत नाही.

मराठी वाचकाला याचं चित्र डोळ्यांपुढे आणायला इगतपुरी पुरे. मुंबईकडून डीसी आणि भुसावळकडून एसी, म्हणून कित्येक दशकं प्रत्येक मेल तिथे थांबायची आणि इंजिन बदलायची. आपल्या लोकांनी त्या वेळात वडे खाल्ले, हे खरं, पण रेल्वेच्या हिशेबात प्रत्येक गाडीची ती मिनिटं, दोन्ही बाजूंना राखून ठेवलेली इंजिनं आणि ड्रायव्हर हा रोजचा तोटा होता. तो संपवायला मुंबईने डीसी सोडली. पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा २०१२ मध्ये पूर्णपणे एसीवर आली आणि मध्य रेल्वेचं, हार्बरसह, काम २०१६ पर्यंत संपलं. तिथे मुंबई हे जुन्या पद्धतीचं बेट होतं आणि भोवती नवी पद्धत पसरली होती. होलेंटालमध्ये बेट नव्या पद्धतीचं होतं आणि भोवतालचा समुद्र जुना. दोन्हीकडे मोडलं बेटच.

२० मे १९६० रोजी होलेंटालच्या तारेत १५ हजार व्होल्ट, १६⅔ हर्ट्झची वीज आली. त्यानंतर इथे ई ४४ जातीची, उतारावर मोटरीच जनरेटरसारख्या वापरून गाडी आवरणारी, विद्युत ब्रेकची इंजिनं चालली. ई २४४ ची मालिका घडवताना हीच जात समोर होती. प्रयोगाच्या इंजिनांना आता इथे काम उरलं नाही.

मी या निर्णयाच्या बाजूने आहे, कारण त्यात एक फरक नीट पाळला गेला. प्रयोग म्हणून जे सुरू केलं होतं त्यातून हवं ते ज्ञान मिळालं होतं, नोंदलं गेलं होतं आणि दुसऱ्यांच्या हातात पोचलंही होतं. त्यानंतर ती तार तशीच ठेवणं म्हणजे फ्रायबुर्गहून रोज शाळा-कचेऱ्यांना जाणाऱ्या आणि नॉयश्टाटहून बाजाराला येणाऱ्या माणसांनी एका स्मारकाची पोटगी भरत राहणं. त्यांना वेळेवर गाडी हवी होती.

या प्रकरणात मला खटकते ती वेगळीच गोष्ट. १९३६ मध्ये तार नॉयश्टाटला थांबली ती प्रयोगासाठी तेवढाच तुकडा पुरेसा होता म्हणून. १९६० मध्ये वीज बदलली तेव्हाही ती तिथेच थांबलेली राहिली. त्यापुढचा डोनाउएशिंगेनपर्यंतचा भाग आधी वाफेवर, मग डिझेलवर चालत राहिला. या भागात कापेलजवळ गुटाख नदीवर ६४ मीटरच्या एकाच दगडी कमानीचा देखणा पूल आहे, सुपीक पठार आहे, गावं आहेत, पण पुढे जाणाऱ्याला नॉयश्टाटला उतरून गाडी बदलावी लागे. चढाचा अवघड भाग तर मागेच संपलेला. सोप्या भागाला तार मिळायला ८३ वर्षं लागली.

ती डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली. मार्ग कित्येक महिने बंद ठेवून, प्लॅटफॉर्म उंच करून, बोगद्यांत तारेसाठी जागा काढून हे काम झालं. आता ऱ्हाइनकाठच्या ब्राइसाखहून निघालेली गाडी फ्रायबुर्ग ओलांडून, हिमेलराइशहून होलेंटालमध्ये शिरते आणि मागून कुठलंही इंजिन न लावता रावेनाच्या पुलावरून वर येते. टिटिझेला मार्गाला दोन फाटे फुटतात. एक तळ्यांच्या काठाने झेब्रुगला जातो आणि दुसरा नॉयश्टाटला न संपता पुढे डोनाउएशिंगेनमार्गे फिलिंगेनला.